नाऊरूला स्वातंत्र्य मिळालं, बनाबाला का नाही?

दर्यावर्दी

गेले काही महिने प्रशांत महासागरातल्या छोट्या बेटांचा इतिहास वाचतोय. एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

नाऊरू आणि बनाबा (इंग्रजांच्या नकाशावर ओशन आयलंड) ही शेजारची बेटं. शेजारची म्हणजे मध्ये सुमारे ३०० किमी समुद्र, पण त्या भागात त्याहून जवळचं कुणी नाही. नाऊरू २१ चौ. किमी, बनाबा जेमतेम ६. दोन्हीकडे जमिनीत अतिशय उंची प्रतीचं फॉस्फेट. ते शोधलं एकाच माणसाने, आल्बर्ट एलिसने. सिडनीच्या ऑफिसात दार अडवायला ठेवलेला नाऊरूचा एक दगड त्याने १८९९ साली तपासून घेतला. सगळे त्याला अश्मीभूत लाकूड समजत होते. नंतर दोन्ही बेटं एकाच कंपनीने आणि १९२० पासून एकाच सरकारी मंडळाने खणली. त्या मंडळाचं नाव ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स.

माल एक, खणणारे एक, घेणारे एक. तरीही नाऊरू ३१ जानेवारी १९६८ ला स्वतंत्र देश झाला. बनाबाचे लोक मात्र २००० किमीहून दूर फिजीतल्या रांबी बेटावर राहतात आणि त्यांची मायभूमी किरिबाटी या तिसऱ्याच देशात आहे.

हे असं का झालं? लोकसंख्या, नशीब, पुढारी की आणखी काही? जाणकारांनी लिहावं.

सोनचाफा

विषय नवा आहे माझ्यासाठी. बसते वाचायला.

काळीमाती

शेतकरी म्हणून पहिली भर घालतो. आपण दुकानात जाऊन 'सुपर' मागतो ना, सिंगल सुपर फॉस्फेट, त्याचं मूळ हा दगड. नुसता दगड शेतात टाकून फायदा नाही, पाण्यात विरघळत नाही. गंधकाम्लाची प्रक्रिया केली की पिकाला लागू पडतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या जमिनीत स्फुरद मुळातच कमी. तिथला गहू आणि मेंढ्यांची कुरणं याच्यावरच उभी राहिली. तेव्हा ही खाण म्हणजे त्यांच्या शेतीचा कणा होता, हे आधी लक्षात घ्या.

वेलिंग्टनकर

काळीमाती यांना दुजोरा. इथे न्यूझीलंडात डोंगरउतारावर ट्रॅक्टर जात नाही, म्हणून १९४९ पासून छोट्या विमानांतून सुपर फवारायला सुरुवात झाली. ते खत बहुतांशी नाऊरू आणि बनाबाच्या दगडाचं. हिरव्यागार टेकड्या बघून आम्ही फोटो काढतो, पण त्याखाली कुणाची जमीन पडली आहे हे इथल्या शाळेत फारसं शिकवत नाहीत. माझ्या मुलीच्या पुस्तकात दोन ओळी आहेत.

जुनापुराणा

धागा चांगला आहे, पण एकतर्फी होऊ नये म्हणून लिहितो. १९०० साली त्या बेटांवर काय होतं? बनाबावर दुष्काळ पडला की माणसं मरत. खाण आली तशी बोट आली, दवाखाना आला, शाळा आली, समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्र आलं. करार करूनच जमीन घेतली होती. सगळ्याला लूट म्हणायची घाई कशाला?

कलमबहाद्दर

जुनापुराणा साहेब, करारापासूनच सुरुवात करू. ३ मे १९०० ला एलिस बनाबावर उतरला. त्याच दिवशी तेमाते नावाच्या माणसाला 'राजा' ठरवून त्याच्याशी करार झाला. साऱ्या बेटाचं फॉस्फेट खणण्याचा हक्क ९९९ वर्षांसाठी, मोबदला वर्षाला ५० पौंड. तेही रोखच द्यायचे असं नाही, तेवढ्या किमतीचा माल दिला तरी चालेल, आणि मालाचे भाव बेटावर चालू असतील ते. बेटावर दुकान कोणाचं, हे सांगायला नको.

बनाबावर सगळ्या बेटाच्या वतीने सही करू शकेल असा राजा नव्हताच. जमीन कुटुंबाकुटुंबाच्या नावावर, झाडांच्या ओळीवरून हद्दी ठरलेल्या. आपल्याकडे पाटलाने गावातल्या सगळ्यांचे सातबारे विकावेत असा तो प्रकार.

आणि खाणीआधी ब्रिटिश सत्ता बेटावर होती असंही नाही. बेट ब्रिटिश राज्यात घेतलं १९०१ साली. म्हणजे आधी कंपनी, मग झेंडा.

तिरफळ

पाण्याच्या यंत्राबद्दल. बनाबाच्या पोटात चुनखडीच्या गुहा आहेत, तिथले लोक त्यांना बांगाबांगा म्हणतात. दुष्काळात पाणी तिथूनच. आत जायचं ते फक्त बायकांनी. अंधारात, सरपटत, नारळाच्या करवंट्या घेऊन. कोणत्या गुहेवर कोणत्या घराचा हक्क हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. खाणकामाने त्यातल्या बऱ्याच गुहा ढासळल्या, उरलेल्या खराब झाल्या. तेव्हा यंत्राने पाणी दिलं हे खरं, पण बेटाची स्वतःची पाण्याची व्यवस्था मोडल्यावर यंत्राशिवाय पर्यायच राहिला नाही. २०२०-२१ मध्ये ते यंत्र बिघडलं तेव्हा बेटावरच्या सुमारे ३०० लोकांचे पाण्याविना अतोनात हाल झाले.

माझं माहेर कोकणातलं. पाण्याची खेप बाईच्या डोक्यावर कशी असते ते मी बघितलंय, म्हणून हे वाचताना पोटात कालवलं.

रानवाट

खाण म्हणजे नेमकं काय होतं तेही कुणीतरी लिहा. मला वाटलं होतं मोठा खड्डा असेल.

दर्यावर्दी

@रानवाट, एक मोठा खड्डा नाही. चुनखडीचे उंच सुळके जमिनीत उभे आहेत आणि त्यांच्या मधल्या फटींत फॉस्फेट भरलेलं. मजूर फटीत उतरून कुदळ-फावड्याने ते काढायचे, टोपलीत भरून वर. मग छोट्या रेल्वेच्या डब्यांतून किनाऱ्याला, ओल काढायला भट्टीत, आणि बोटीत. समुद्र काठालाच इतका खोल की नांगर टाकता येत नाही, म्हणून बोट बोयांना बांधून उभी करायची. नाऊरूवर १९३० साली समुद्रावर पुढे आलेले अवाढव्य लोखंडी हात उभारले, त्यावरच्या पट्ट्यावरून माल थेट बोटीच्या पोटात.

माल काढून झाला की मागे राहतात नुसते पांढरे-करडे सुळके, काही दोन-तीन मजली घराएवढे. त्यावर माती नाही, चालायला जागा नाही. नाऊरूत या मधल्या पठाराला टॉपसाइड म्हणतात. लोक किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्ट्यात राहतात, टॉपसाइड ओसाड.

तिरफळ

त्या टॉपसाइडवर आधी जंगल होतं ते कशाचं माहीत आहे? तोमानोचं. तोमानो म्हणजे आपली उंडी! होड्यांना जिचं तेल लावतात ती. आणि बनाबावर जंगली बदाम, आपल्या शाळांच्या मैदानात असतो तोच मोठ्या पानांचा. झाडं ओळखीची निघाली की दूरची जागा एकदम जवळ येते.

काळीमाती

हे फॉस्फेट म्हणजे पक्ष्यांची विष्ठा, असं ऐकून होतो.

रानवाट

माझा थोडाफार अभ्यास भूशास्त्राचा आहे. पक्ष्यांच्या विष्ठेची गोष्ट सगळीकडे सांगतात, पण एवढा साठा निव्वळ त्यातून झाला की समुद्रातल्या जैव द्रव्यांचाही वाटा होता, यावर तज्ज्ञांत बराच वाद झालाय. वय लाखो वर्षांचं हे नक्की. पुन्हा भरून येणारी वस्तू नाही.

जुनापुराणा

कलमबहाद्दर, १९०० च्या कराराचं मान्य. पण पुढे सुधारणा झालीच ना? १९१३ चा करार आहे, रॉयल्टी आहे.

कलमबहाद्दर

झाली. आणि ती मुद्दाम वाचण्यासारखी आहे. १९१३ च्या करारात कंपनीने कबूल केलं की खणून झालेल्या जमिनीवर शक्य असेल तिथे नारळ आणि इतर अन्न देणारी झाडं पुन्हा लावू. ती लावली नाहीत.

मग १९२७-२८ मध्ये आणखी जमीन हवी झाली. यावेळी लोकांनी ठाम नकार दिला, कारण आधीच्या जमिनीचं काय झालं ते डोळ्यांसमोर होतं. तेव्हाचा रेसिडेंट कमिशनर, म्हणजे वसाहतीचा प्रमुख ब्रिटिश अधिकारी, आर्थर ग्रिंबल. या गृहस्थाच्या बेटांवरच्या आठवणी पुढे इंग्लंडात फार लोकप्रिय झाल्या. त्याने १९२८ साली बुआकोनिकाई गावाला पत्र लिहिलं. सही केली नाहीत तर जमीन तशीही जाईल, भरपाई सरकार ठरवेल, आणि तुमच्या गावाचं काय होईल ते बघा, असा त्याचा आशय. शेवटी कायदा करून जमीन सक्तीने घेतलीच.

कंपनी नफ्यासाठी भांडते हे मी समजू शकतो. पण ज्याला लोकांचा पालक म्हणून नेमलाय तो अधिकारी मालकाच्या बाजूने पत्र लिहितो, हे मला जास्त गंभीर वाटतं. ते मंडळ तरी कोणाचं? सरकारांचंच. पालक आणि गिऱ्हाईक एकच.

सोनचाफा

शेवटचं वाक्य नीट समजावून सांगाल का दादा? गिऱ्हाईक कसं?

कलमबहाद्दर

सांगतो ताई, सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे.

नाऊरू १८८८ पासून जर्मनांकडे होतं. १९०६-०७ पासून तिथे खणणं सुरू झालं. पहिलं महायुद्ध पेटल्यावर १९१४ च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाच्या सैन्याने बेट घेतलं. युद्ध संपल्यावर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी १९१९ साली आपापसात करार केला. नाऊरूचं फॉस्फेट तिघांचं, वाटे ४२, ४२ आणि १६ टक्के. जुन्या कंपनीला पैसे देऊन बाहेर काढलं आणि तिघांचा एकेक कमिशनर नेमला.

आता कलमं बघा. पहिलं, फॉस्फेट या तीन देशांच्या शेतीसाठी द्यायचं आणि ते खर्चाच्या किमतीला. म्हणजे खणण्याचा, वाहतुकीचा, व्याजाचा खर्च जोडून येईल तो भाव, बाजारभाव नाही. दुसरं, मालाच्या खाणकामात, वाहतुकीत, विक्रीत तिन्ही सरकारांपैकी कोणीही ढवळाढवळ करायची नाही. नाऊरूचा कारभार ऑस्ट्रेलियाने नेमलेला प्रशासक बघायचा. बेटावर मुख्य घडामोड ही खाण, आणि तिच्यात बोट घालायचा त्यालाच अधिकार नाही!

खर्चाच्या किमतीला विकल्यावर हिशेबात नफा दिसत नाही. नफा नाही म्हटल्यावर जमीनमालकाला जास्त कुठून द्यायचं? रॉयल्टी टनामागे काही पेन्स. जगात त्याच दगडाला मिळणारा भाव आणि हा भाव यांतला फरक दर टनामागे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शेतकऱ्याच्या खिशात गेला. ब्रिटनला एवढ्या लांबून माल नेणं परवडत नव्हतं, त्यामुळे त्याचाही वाटा बहुतेक इकडेच वळला. चोरी कुठेच दिसत नाही. वह्या चोख आहेत.

काळीमाती

हे वाचून सुन्न झालो. उसाचा भाव, कांद्याचा भाव यात आम्ही हेच भोगतो, गिऱ्हाईकाला स्वस्त मिळावं म्हणून पिकवणाऱ्याचा भाव पाडायचा. पण ऊस पुढच्या वर्षी पुन्हा येतो. यांची जमीनच गेली.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. पोर्तुगीज सरकारने दिलेले लोहखनिजाचे परवाने मुदतीशिवायचे होते. १९६१ ला मुक्ती मिळाली, पण ते परवाने रद्द होऊन भाडेपट्टे व्हायला १९८७ चा कायदा यावा लागला. धूळ आणि शेतात उतरणारा गाळ गावकऱ्यांच्या वाट्याला. म्हणून ९९९ वर्षं वाचून नवल वाटलं नाही, चीड आली.

रानवाट

मांडवीकाठ, यावर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो. इथे मिसळलं तर दोन्हीचा चोथा होईल.

मांडवीकाठ

काढतो, चतुर्थी झाली की.

वेलिंग्टनकर

खाणीत राबलं कोण, हे राहिलं. नाऊरूचे लोक खाणीत फारसे उतरले नाहीत. हाँगकाँगकडून करारावर आणलेले चिनी, गिल्बर्ट बेटांवरचे (आजच्या किरिबाटीतले) लोक, जर्मन काळात कॅरोलाइन बेटांवरचे. चिनी मजुरांना बायकामुलं आणायची परवानगी नव्हती, वस्ती वेगळी, फिरण्यावर बंधनं. १९४८ साली नाऊरूत चिनी मजुरांवर गोळीबार झाला, माणसं मेली. त्यांच्या वतीने कुठल्या न्यायालयात कोणी गेलं नाही. मालकीहक्काची चर्चा करताना ही माणसं नेहमी सुटतात.

सोनचाफा

आणि युद्धात? जपान तिथवर पोचला होता ना?

दर्यावर्दी

पोचला. त्याआधी १९४० च्या डिसेंबरात जर्मन जहाजांनी फॉस्फेटच्या बोटी बुडवल्या आणि नाऊरूवर तोफा डागल्या. १९४२ च्या ऑगस्टमध्ये जपानने दोन्ही बेटं घेतली. नाऊरूच्या सुमारे १२०० लोकांना ट्रुक बेटांवर मजुरीला नेलं. १९४६ साली ३१ जानेवारीला परत आले ते ७३७. म्हणून स्वातंत्र्याची तारीखही तीच निवडली. बेटावरच्या ३९ कुष्ठरोग्यांना जपान्यांनी होडीत बसवून समुद्रात बुडवलं.

बनाबाच्या लोकांना कोस्राए, तारावा, नाऊरू असं विखुरलं. मजुरीसाठी बेटावर ठेवलेल्या दीडशेच्या आसपास माणसांना, जपानने शरणागती पत्करल्यानंतर, कड्यावर नेऊन मारलं. एकटा काबुनारे नावाचा माणूस वाचला.

आणि मग इंग्रजांनी काय केलं? उरलेल्यांना गोळा करून सांगितलं, तुमची घरं राहिली नाहीत, रांबीला चला. १५ डिसेंबर १९४५ ला सुमारे ७०० बनाबन आणि ३०० गिल्बर्ट लोक रांबीवर उतरले. वादळांचा मोसम. राहायला लष्करी तंबू. विषुववृत्तावरची माणसं, तिथला गारठा आणि पाऊस सोसेना. म्हातारी माणसं गेली. हे बेट १९४२ मध्येच विकत घेऊन ठेवलं होतं, आणि तेही बनाबन लोकांच्याच रॉयल्टीच्या पैशांतून. इकडे बनाबावर खाण पुन्हा सुरू झाली, या वेळी अडवायला मालक बेटावर नव्हते.

सोनचाफा

त्यांच्याच पैशांनी त्यांना बाहेर काढलं. पुढे वाचवत नाही, पण थांबता येत नाही.

जुनापुराणा

हे मला इतक्या तपशिलात माहीत नव्हतं. तरी एक मुद्दा मांडतोच, कारण तो या धाग्याच्या प्रश्नाला धरून आहे. बनाबाच्या फॉस्फेटचा सरकारी वाटा गिल्बर्ट आणि एलिस बेटांच्या वसाहतीच्या तिजोरीत जात होता. त्यावर तीसेक गरीब बेटांच्या शाळा-दवाखाने चालले. बनाबा वेगळं झालं असतं तर त्या हजारो लोकांचं काय? १९५६ साली फॉस्फेटच्या पैशातून राखीव निधी केला, किरिबाटी आजही त्याच्या आधाराने उभा आहे. तेही लोक गोरे नव्हते, गरीबच होते.

तिरफळ

मुद्दा रास्त आहे, आणि मला तो टाळायचा नाही. पण हिशेब बघा. युद्धानंतरच्या बऱ्याच काळात वसाहतीचा वाटा ८५ टक्के आणि बनाबनांचा १५. वसाहत चालवणं ही लंडनची जबाबदारी होती. ती एका ६ चौ. किमीच्या बेटाच्या मातीवर ढकलली. गिल्बर्टच्या मुलांना शाळा मिळाली पाहिजेच होती, पण ब्रिटनच्या पैशाने. दोन गरिबांना एकमेकांसमोर उभं केलं की तिसरा सुटतो.

कलमबहाद्दर

आणि इथेच दर्यावर्दींच्या प्रश्नाचं उत्तर आहे असं माझं मत.

नाऊरू जर्मनांकडून आलं, म्हणून ते सरळ गिळता आलं नाही. राष्ट्रसंघाने १९२० मध्ये ते विश्वस्त म्हणून सांभाळायला दिलं. १९४७ पासून संयुक्त राष्ट्रांची विश्वस्त व्यवस्था. त्यामुळे दरवर्षी अहवाल द्यावा लागे, कोणीतरी प्रश्न विचारी, पाहणी करायला शिष्टमंडळं येत, नाऊरूचे लोक अर्ज करत. तिच्या विश्वस्त परिषदेत भारतासारखे नव्याने स्वतंत्र झालेले देशही बसले. हॅमर डी रॉबर्टसारखा पुढारी न्यूयॉर्कला जाऊन बोलू शकला. ऑस्ट्रेलियाने त्यांना क्वीन्सलंडजवळचं कर्टिस बेट देऊ केलं, पण सार्वभौमत्व द्यायची तयारी नव्हती. १९६४ मध्ये नाऊरूच्या लोकांनी नाही म्हणून सांगितलं.

बनाबा मात्र शुद्ध वसाहत. बाहेरचं कोणी विचारणार नाही. बनाबनांचे पुढारी रोतान तितो आणि मंडळींनी १९७१ मध्ये लंडनच्या न्यायालयात दावा लावला. न्यायमूर्ती मेगरी स्वतः बेट बघून आले. निकाल असा की अन्याय दिसतो, पण सरकारचं पालकत्व हे राजकीय स्वरूपाचं, न्यायालयात बजावता येईल असं नाही. झाडं लावायचं वचन मोडलं हे मान्य झालं, भरपाई जवळजवळ नाममात्र. आपल्याला दूर करता न येणाऱ्या अन्यायाकडे सरकारचं लक्ष वेधण्यापलीकडे न्यायमूर्तींच्या हातात काही नव्हतं. नंतर ब्रिटनने सानुग्रह म्हणून १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देऊ केले.

नाऊरूने तोच विषय १९८९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला. त्याआधी श्रीलंकेचे कायदेपंडित वीरमंत्री यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमून सगळी कागदपत्रं बाहेर काढली होती. आम्ही तिघांतले एक, बाकी दोघांशिवाय खटला चालणार नाही, असा ऑस्ट्रेलियाचा बचाव. तो १९९२ मध्ये न्यायालयाने फेटाळला. १९९३ मध्ये १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली. ब्रिटन आणि न्यूझीलंडने प्रत्येकी १ कोटी २० लाख त्यात घातले.

एकाच्या हातात विश्वस्तपणाचा आंतरराष्ट्रीय कागद होता, दुसऱ्याच्या नव्हता. मला तरी यापेक्षा मोठं कारण दिसत नाही.

मेलबर्नी

उशिरा आलो. नाऊरूने स्वातंत्र्यानंतर पैसा कसा उडवला हे कुणीच लिहिलं नाही? आमच्या इथे कॉलिन्स स्ट्रीटवर त्यांनी ५२ मजली नाऊरू हाऊस बांधलं, १९७७ साली. पुढे कर्जात गेलं. भारताशीही संबंध आहे: पारादीपच्या खतकारखान्याची कंपनी १९८१ मध्ये भारत सरकार आणि नाऊरूच्या भागीदारीत स्थापन झाली.

तिरफळ

पारादीपचं माहीत नव्हतं, छान माहिती. पण पैसा उडवला हा विषय मला इथे नको वाटतो. धागा स्वातंत्र्याआधीचा आहे, आणि दरवेळी हीच गोष्ट पुढे आली की आधीची साठ वर्षं झाकली जातात. वारसाने घर नीट सांभाळलं नाही म्हणून घरफोडी माफ होत नाही.

मेलबर्नी

पटलं. आकडे कोणाकडे आहेत का, कुठून किती माल गेला?

दर्यावर्दी

बनाबातून एकूण २ कोटी टनांच्या घरात, बेटाचा सुमारे ९० टक्के पृष्ठभाग खणून. नाऊरूत स्वातंत्र्यापर्यंत साडेतीन कोटी टनांच्या आसपास.

कलमबहाद्दर, तुमचं उत्तर मला पटतंय, फक्त एक जोड देतो. काळाचाही फरक पडला. १९६८ ला नाऊरूच्या पोटात माल शिल्लक होता, त्यामुळे स्वतंत्र होण्यात त्यांना दम होता आणि खाण त्यांनी १९७० मध्ये ताब्यात घेतली. बनाबाच्या लोकांनी सत्तरच्या दशकात वेगळं व्हायची मागणी लावून धरली तेव्हा साठा संपत आला होता. शेवटची बोट १९७९ मध्ये गेली, आणि त्याच वर्षी १२ जुलैला किरिबाटी स्वतंत्र झाला, बनाबासह. बनाबनांना मिळालं ते घटनेतलं संरक्षण. बेटावर येण्याचा हक्क आणि किरिबाटीच्या संसदेत रांबीच्या परिषदेने नेमलेला एक सदस्य.

वेलिंग्टनकर

आणि हे संपलेलंही नाही. २०२३ मध्ये एका ऑस्ट्रेलियन कंपनीने बनाबावर उरलेल्या फॉस्फेटची पाहणी करायचा प्रस्ताव आणला. रांबीवरच्या लोकांनी जोरदार विरोध केला, आमची संमती कोणी घेतली म्हणून. इथल्या रेडिओवर त्यांच्या मुलाखती ऐकल्या. तरुण मुलं बोलत होती, रांबीतच जन्मलेली.

कलमबहाद्दर

वेलिंग्टनकर, त्या बातम्या जमल्या तर इथे टाका. या वेळी संमती द्यायचा हक्क कायद्याने नेमका कोणाचा, रांबी परिषदेचा, बेटावरच्या ३०० जणांचा की किरिबाटी सरकारचा, हे मला घटनेतून तपासून लिहायचंय.